पाय दिसला पायजे

चहा प्यायला ट्रकमधून खाली उतरायचं तर त्यांना बारा मिनिटं लागत. मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं, कारण त्यांच्या मागे चार गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या आणि शिव्या मला बसत होत्या. आधी केबिनचा पडदा ओढला जाई. मग आत बराच वेळ खुडबूड. पडदा सरकला की दार उघडे आणि पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, काळी पँट आणि पाणी लावून पाडलेला भांग असा एक साठीकडे झुकलेला माणूस दारात बसून पायांत मोजे चढवायला लागे. मोजे झाले की काळे लेसचे बूट, मग लेसची दुहेरी गाठ. एवढं झाल्यावर ते जमिनीला पाय लावत. टपरी वीस पावलांवर होती आणि चहा तीन घोटांत संपे. परत आले की हीच मिरवणूक उलटी निघे, आणि केबिनमध्ये पुन्हा चौकड्याची लुंगी, जाळीची बनियन आणि अनवाणी पाय.

मी तारापूर एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर डिस्पॅचला बसते. पालघरहून स्कूटीने येते, खिडकीपाशी बसते, आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गेटपास माझ्या सहीने निघतो. मला गोष्टी रकान्यात बसलेल्या आवडतात. मी भाजीवालीकडेही पावती मागेन असं घरचे म्हणतात. अशा बाईच्या वाट्याला हा माणूस यावा, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या.

गेटवर सगळे त्यांना तांडेल म्हणत. सातपाटीकडे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. हे मूळचे तिथलेच, वडील खरोखरचे तांडेल. हे मात्र तामिळनाडूत इरोडला आणि पंजाबात लुधियान्याला रंगाचे ड्रम घेऊन जाणारा ट्रक चालवायचे. समुद्र सोडून ट्रकवर का आलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला समुद्र लागतो, बाय. होडी हालली का पोटातलं सगलं बाहेर." सातपाटीच्या तांडेलाच्या मुलाला समुद्र लागतो, यावर मी आठवडाभर हसत होते. पुढे दुसऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं की भावाभावांत होडीवरून बिनसलं होतं. हेही खरं असेल, तेही खरं असेल. त्यांच्या बाबतीत एका प्रश्नाला एक उत्तर कधी मिळालंच नाही.

माझी खोली दोन पायऱ्या उंचावर आहे, त्यामुळे खिडकीतून खाली आवारात बघताना नजर आधी माणसाच्या पायांवर पडते. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांच्या पायांवर मी एखादा कोर्स शिकवू शकेन. दक्षिणेकडचे लुंगी गुडघ्यावर दुमडून येणार, पंजाबकडचे पायजम्यावर लांब कुडता घालून, पावसाळ्यात सगळेच प्लॅस्टिकच्या सँडलवर. आणि बहुतेक जण चप्पल काढूनच केबिनमध्ये चढणार. आत समोर देव असतो, सीटमागे अंथरूण असतं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, म्हणजे घरच ते. पण जमिनीवर काढलेली चप्पल उचलून वर घ्यायची राहून जाते. गाडी निघते आणि मागे सिमेंटवर चपलांचा जोड तसाच उभा. आमच्याकडे अशा चपलांनी एक जुना ड्रम भरलेला आहे. वीस दिवसांनी लुधियान्याहून परतलेला माणूस नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारतो, "मॅडम, मेरी चप्पल?" आणि ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून आपला जोड हुडकतो.

तांडेल या सगळ्यांना हसायचे. स्वतःचे बूट ते कापडी पिशवीत घालून सीटखाली ठेवायचे, त्यामुळे त्यांची कधी चूक झाली नाही. "जमीन सोडताना माणूस चप्पल इसरतो, त्यात नवल काय हाय?" असं म्हणायचे आणि पुढे, "पँट लोकांसाठी, लुंगी रस्त्यासाठी." हे वाक्य ते अशा थाटात टाकायचे की ऐकणाऱ्याने मान डोलावली पाहिजे. मीही डोलवायची. अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

त्यांच्या केबिनमध्ये चप्पल-बूट घालून कोणी चढायचं नाही, हा दुसरा कायदा. मेकॅनिकने गिअर बघायचा तरी अनवाणी. आमच्या गेटचा वॉचमन सालवडला राहणारा, बलियाचा माणूस, एकदा सील तपासायला बूट घालून पायरीवर चढला तर यांनी वरूनच मगभर पाणी ओतलं. "चाचा का दिमाग घूम गया है," असं तो मला सांगत आला, आणि संध्याकाळी त्यांच्याच डब्यातली बोंबलाची चटणी खात बसला. कुठल्याशा राज्याच्या नाक्यावर एका साहेबाला केबिन तपासायची होती, त्यालाही यांनी बूट काढायला लावले म्हणे. साहेबाने एक बूट काढला, मोज्याला भलंमोठं भोक, अंगठा बाहेर. मागे ड्रायव्हरांची रांग बघत उभी. साहेबाने बूट परत चढवला आणि गाडी सोडली. ही गोष्ट ते दर खेपेला सांगत आणि दर खेपेला राज्य बदलत असे.

गाडी अनवाणी का चालवता, यावर तर उत्तरांची जत्राच होती. वॉचमनला सांगितलं, "होडीत कोण चप्पल घालतो? गाडी म्हणजे होडीच." ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरला सांगितलं, "बुटात पाय झोपतो. पाय झोपला का डायवर झोपतो." एका पोरसवदा ड्रायव्हरला बायकोने शपथ घातली आहे म्हणून सांगितलं. मला सांगितलं, "पाय दिसला पायजे." एवढंच. कोणाला दिसला पाहिजे, कशाला दिसला पाहिजे, काही नाही. मी ही उत्तरं एकाखाली एक मांडून बघितली, बेरीज काही जुळली नाही.

मग सेफ्टीचे नवीन साहेब आले. तरुण, हुशार, आणि आल्या आल्या काहीतरी करून दाखवायची घाई असलेले. त्यांनी नियम काढला की गेटच्या आत ट्रक चालवतानासुद्धा ड्रायव्हरच्या पायांत बूट हवेत. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी गेटवर लोखंडी टोकाच्या बुटांचा रॅक ठेवला. सगळे एकाच मापाचे, त्यामुळे आठवडाभर आवारात ड्रायव्हर बदकासारखे चालत होते. तीनदा नियम मोडला की गाडीला कायमची बंदी. आणि हे बघायचं कोणी, तर मी. माझ्या रजिस्टरला एक नवा रकाना मिळाला: पायात बूट, होय किंवा नाही.

तांडेलांना मी समजावून सांगितलं. ते खिडकीशी आले ते नेहमीप्रमाणे पांढऱ्या शर्टात, चकचकीत बुटांत. सगळ्या आवारात त्यांच्याइतके नीट बूट कोणाचेच नव्हते, आणि नेमके तेच बूट घालून गाडी हाकायला तयार नाहीत. "खाली तू सांगशील तेवढा वेल बूट घालतो," ते म्हणाले. "वर नाय." मी चिडले. नियम सगळ्यांना सारखा, असं बरंच काही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी बंद झाली तर मी घरी बसून काय करू? बायकोचे सुके बोंबील राखू?"

मी रकान्यात 'होय' लिहिलं. का लिहिलं ते मलाच माहीत नाही. मी, जी दुसऱ्याच्या रजिस्टरमधली खाडाखोडही सहन करत नाही. इतकी वर्षं ते येत होते, एक ओरखडा कुठे नाही, आणि गेटपासून लोडिंगपर्यंत दोनशे पावलांचा रस्ता, त्यात काय व्हायचं, असं मनाशी म्हटलं. पुढची दोन वर्षं मी दर खेपेला 'होय' लिहीत राहिले.

मग तो मे महिन्यातला दिवस. दुपारी एकचा सुमार, वजनकाट्याची लोखंडी प्लेट अशी तापलेली की कुत्रीसुद्धा वळसा घालून जात होती. कागदात काही चूक राहिली होती, म्हणून मी तांडेलांना घाईने हाक मारली. त्यांना कपडे बदलायला वेळ मिळाला नाही, ते लुंगीवरच, अनवाणी खाली आले. मला गंमत वाटली, कारण इतक्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर असं कधी बघितलंच नव्हतं. ते काट्याच्या प्लेटवर येऊन थांबले आणि तिथूनच लुधियान्याच्या थंडीचं काहीतरी सांगायला लागले. मिनिट झालं, दोन झाली. माझेच तळवे चुरचुरायला लागले.

"काका, पाय भाजत नाहीत का तुमचे?" मी विचारलं.

त्यांनी खाली पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि मग ते उड्या मारायला लागले. "आयो, भाजलं, भाजलं," म्हणत लुंगी सावरत सावलीत गेले. वॉचमन पोट धरून हसला, मीही हसले. स्कूटीवरून घरी जाताना उमरोळीच्या पुढे कुठेतरी माझं हसू थांबलं. माणसाला आधी भाजतं आणि मग तो उडी मारतो. यांनी आधी माझं ऐकलं, मग बघितलं, मग उडी मारली.

पुढच्या खेपेला ते माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बूट काढून बसले होते, मोजे बदलत. उजव्या टाचेत ड्रम बांधायच्या पत्र्याच्या पट्टीचा तुकडा रुतलेला होता, नखाएवढा. काढलेला मोजा टाचेपाशी रक्ताने भिजला होता आणि ते मजेत वॉचमनशी बोलत होते. वॉचमन गेट उघडायला गेल्यावर मी खाली उतरले.

"काका, टाचेत काय आहे ते बघा."

त्यांनी पाय उलटा करून बघितला. मग दोन बोटांनी तो तुकडा काढला, कोणा दुसऱ्याच्या पायातून काढावा तसा. चेहऱ्यावर काही नाही. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले.

"शुगर हाय," मग म्हणाले. "घोट्याच्या खाली काय कलत नाय. तीन वर्सं झाली."

"मग ब्रेक?"

"बघतो ना. पाय कुठं हाय ते बघतो, मग दाबतो. ब्रेकच्या पायट्याला पांढरा रंग मारलाय. उघडा पाय त्याच्यावर दिसतो. काल्या बुटात काय दिसणार?" मला जरा धीर द्यावा तसं पुढे म्हणाले, "सवय झाली की बरोबर जमतं, बाय. आजून कोणाला धक्का लावलेला नाय. कोणाला सांगू नको. दोन वर्सं दे मला, मग मीच सोडतो."

चिल्हार फाट्यावर सकाळी रस्ता ओलांडणाऱ्या शाळेच्या पोरी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. हा माणूस भरलेला ट्रक घेऊन येतो आणि रस्त्याकडे बघायच्या ऐवजी खाली आपल्या पायांकडे बघतो. मला त्यांची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय मी पुढचा गेटपास देणार नाही, असं मी सांगितलं. मात्र त्या दिवशीचा पास मी दिला. माल भरून झाला होता, कागद तयार होते, गाडी निघाली. ते पंधरा दिवस मी मोबाईलवर अपघाताच्या बातम्या उघडून त्यात ट्रकचा नंबर शोधत होते.

ते परत आले आणि वॉचमन धावतच माझ्याकडे आला. "मॅडम, बाहर आइए, चमत्कार देखिए." तांडेल गाडीतच बसलेले होते, पांढरा शर्ट, काळी पँट, आणि पायांत काळे बूट, लेस बांधलेले. बूट घालून इरोडहून आले होते. सेफ्टीचे साहेब एवढे खूश झाले की त्यांनी केबिनच्या उघड्या दारात बसवून, बूट दिसतील असा त्यांचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं, 'आदर्श चालक'. डॉक्टरचा दाखलाही त्यांनी आणला होता. डोळे बरोबर, कान बरोबर, रक्तदाब बरोबर. पायांचं कोणी विचारलंच नव्हतं.

माझे सगळे रकाने भरलेले होते. दोन वर्षं मी खोटं 'होय' लिहीत आले, आणि पहिल्यांदाच खरं 'होय' लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात चालेना. नियमाप्रमाणे या माणसाला अडवायचं एकही कारण माझ्याकडे नव्हतं. मी खिडकीतून त्यांना गाडी लोडिंगला लावताना बघितलं. पांढऱ्या रेषेवर थांबायचं होतं. ट्रक रेषा ओलांडून हातभर पुढे गेला, मग एकदम दचकून थांबला. साहेब म्हणाले, जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात.

मी आत आले, दार लावलं आणि त्यांच्या ट्रान्सपोर्टला फोन केला. पायांचं सांगितलं. मी दोन वर्षं काय लिहीत होते तेही सांगितलं. तासाभरात दुसरा ड्रायव्हर किल्ली घ्यायला आला. तांडेलांनी केबिन झाडून दिली, हँगर, लुंगी आणि पाण्याचा मग एका पिशवीत भरले आणि माझ्या खिडकीशी आले.

"तू सांगितलंस?"

"हो, काका."

"बरं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मला वाटलेलं, तू पैल्याच दिवशी सांगशील."

असं म्हणून ते बोईसर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षात बसून निघून गेले. मी त्या वाक्याचे दहा अर्थ लावले. ते माझ्यावर रागावले होते का? की मी सांगावं म्हणूनच वाट बघत होते? मग कोणाला सांगू नको असं का म्हणाले? आणि बूट घालून आले ते मला हरवायला, की मला तो फोन करायला भाग पाडायला? आमच्या साहेबांनी मला लेखी समज दिली, ती मला योग्यच वाटली. फोटो मात्र पावसाळा संपेपर्यंत बोर्डावर राहिला. काढू का, असं विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

दिवाळीनंतर एका रविवारी मी सातपाटीला गेले. घर विचारत विचारत पोचले. अंगणात बोंबील वाळत घातलेले, वास सगळीकडे भरलेला. ओट्यावर ते बसले होते, वर पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी. मी त्यांना अर्धं जमिनीवरचं आणि अर्धं गाडीतलं असं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर ओळखच पटेना. त्यांनी माझी चौकशी केली, वॉचमनची केली, नवीन ड्रायव्हर केबिनमध्ये बूट घालून चढतो का ते विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांची बायको बाहेर आली. मोठ्या हाडापेराची, कपाळावर घाम, हाताला खोबरेल तेल. बाजारात मासळी विकायला बसणारी बाई, तिचा आवाज अंगणभर जाईल असा. मला चहा दिला, माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तूच काय ती." त्यात राग होता की नव्हता, ते मला कळलं नाही.

पालघरच्या डॉक्टरने रोज पायांना तेल लावून दाबायला सांगितलं होतं. पुढच्या सोमवारी दाखवायला जायचं होतं. "जान परत आली का डॉक्टर लिहून देणार हाय," तांडेल मला म्हणाले. "ट्रान्सपोर्टच्या शेठशी बोललोय. गाडी देतो म्हणाला." त्यांच्या डोळ्यांत अशी आशा होती की मी चहाच्या कपात बघत बसले.

बायको त्यांच्या पायांपाशी खाली बसली. खांद्यावरचा टॉवेल तिने त्यांच्या दोन्ही पावलांवर पसरला, पावलं पूर्ण झाकली गेली. मग तिने टॉवेलखाली हात घातला. निदान त्यांना तसं वाटलं असावं. मी बाजूला बसले होते, टॉवेलच्या उघड्या कडेतून मला दिसत होतं. तिचा हात त्यांच्या पावलांपासून वीतभर लांब, ओट्याच्या लादीवर होता.

"कलतं?" तिने विचारलं.

तांडेलांनी टॉवेलकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसले.

"कलतं की," ते म्हणाले. "आज तर चांगलंच कलतं."

बायकोने मान वर केली नाही. "बरं हाय," ती म्हणाली, आणि मग हात पुढे सरकवून त्यांची पावलं चोळायला लागली.